जाताना घालायचा पोशाख

मी एक जुना चीपाव आहे, मित्रांनो. निदान कमरेपर्यंत तरी आहे. चीपाव म्हणजे चिनी बायकांचा घोट्यापर्यंतचा, अंगासरशी बसणारा झगा. त्याला उभी कॉलर असते, छातीवरून उजव्या काखेकडे तिरकी जाणारी उघड, म्हणजे उघडायची बाजू, असते आणि कापडाच्याच दोरीला गाठी मारून केलेली बटणं असतात. यातलं कमरेच्या वरचं माझ्याकडे अजून आहे. कमरेखाली मी नाही. माझ्या पाठीला आणि कुशींना जाड, गडद निळं डेनिम जोडलेलं आहे, खांद्यांत पॅड आहेत. बघणारे मला जॅकेट म्हणतात. छान जॅकेट म्हणतात. मी जॅकेट कसा झालो ते सांगतो. ऐकायला फार सुखाचं नाही, पण ऐका.

माझा जन्म चीनमधल्या सूचौ शहरातला. शू नावाच्या एका शिंप्याने मला एका शाळामास्तरणीसाठी शिवलं. कापड रेशमी, पिकल्या जांभळाच्या सालीसारखं गडद. त्याच्या विणीत बारीक फुलं होती, पण ती उजेड तिरका पडला तरच दिसायची. कडेने राखी रंगाचा नाजूक गोट. शू शिंप्याने मला अखंड कापडातून बेतलं. पुढचं कापड खांद्यावरून तसंच मागे गेलं, त्यामुळे माझ्या खांद्यावर शिवणच नव्हती. आत दोन्ही बाजूंना त्याने बोटभर माया ठेवली. शिवणीच्या आत राखलेल्या जास्तीच्या कापडाला शिंपी माया म्हणतात. माणूस अंगाने भरलं तर ती सोडता येते.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी तेव्हाही शंभर टक्के जुन्या वळणाचा नव्हतो. माझ्या कुशीतली टिचबटणं विलायती होती, अस्तर विलायती होतं, आणि कपडा असा अंगाबरोबर बसवायची रीतसुद्धा साहेबी कपड्यांकडे बघूनच आली होती. म्हणून नव्याजुन्याचा मेळ घालणं वाईट, असं मी कधीच म्हणणार नाही. मी तसाच जन्मलो.

मास्तरणीने मला आठ-दहा वर्षं हौसेने वापरलं. मग देशात असे दिवस आले की रेशमी चीपाव घरात सापडणं हासुद्धा गुन्हा ठरू लागला. तरुण पोरं घरोघर शिरून असे कपडे चौकात आणून कात्रीने फाडत होती. मास्तरणीने एका दुपारी गोधडीची एक बाजू उसवली, मला कापसाच्या थरात घातलं आणि वरून टाके मारले. मी त्या गोधडीत अकरा वर्षं होतो. तिच्या अंगावर होतो आणि तरी तिला मला बघता येत नव्हतं. त्याच गोधडीखाली ती एका हिवाळ्यात गेली. तिला कशात गुंडाळून नेलं ते मला माहीत नाही. माझ्यात नाही, एवढं नक्की.

तिची मुलगी म्हणजे फांग आजी. तेव्हा आजी नव्हत्या, सूतगिरणीत कामाला जाणाऱ्या तरुण बाई होत्या. दिवस निवळल्यावर त्यांनी गोधडी उसवली, मला उन्हात धरलं आणि किती तरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी मला अंगावर कधी घातलं नाही. पुढे नवरा वारला, एकुलती एक मुलगी अमेरिकेत शिकून तिथेच नोकरीला लागली, आणि आजींनाही तिने बोलावून घेतलं. कापराच्या लाकडाच्या पेटीतून मी रेडमंडला आलो. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, आजी मला खिडकीजवळ टांगायच्या. बाकी दिवस पेटी. पण ते दुर्लक्ष नव्हतं, मित्रांनो. कुणीतरी आपल्याला एका कामासाठी राखून ठेवलंय हे कपड्यालाही कळतं.

आजींच्या मुलीचं नाव ग्रेस. हे तिने अमेरिकेत आल्यावर घेतलेलं नाव. ती एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत वरच्या पदावर होती. वीस-बावीस वर्षं राखाडी ब्लेझर घालून मीटिंगांना गेली. घरी दोघी चिनीत बोलायच्या, पण बोलायच्या ते औषधं, जेवण, पाऊस आणि डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट एवढंच.

त्यांच्या घरापासून दोन दारं सोडून नेत्रा राहायची. नेत्रा नागपूरची. पुण्यात कपड्यांच्या एका निर्यात कंपनीत पॅटर्न मास्टर होती. तिने कागदावर काढलेल्या आखणीवरून हजारो शर्ट कापले जायचे. परीक्षितशी लग्न करून त्याच्या व्हिसावर इथे आली, आणि त्या व्हिसावर तिला काम करायची परवानगी नव्हती. सहा वर्षं तिने बसून काढली. परवाना आला तेव्हा तिने वरच्या छोट्या खोलीत मशीन मांडलं. कामं यायची ती पँट आखूड करा, ब्लाउजची कुशी सोडा, अशी. नेत्रा ती निमूटपणे करायची. पण परीक्षित ऑफिसच्या बसला निघून गेला की कधी कधी ती कोऱ्या कागदावर पूर्ण कोट आखायची, आणि मग घडी घालून ठेवून द्यायची.

फेब्रुवारीत, सारखी रिपरिप चालू असताना, फांग आजी मला उशीच्या अभ्र्यात गुंडाळून तिच्याकडे घेऊन गेल्या. माझी उजवी कूस वीतभर उसवली होती. आजींना आता सुईत दोरा ओवता येत नव्हता. त्यांना इंग्रजी येत नसे, त्या फोनमध्ये चिनीत बोलल्या आणि फोनने इंग्रजीत सांगितलं, "ही शिवण दुरुस्त करा. मला जाताना घालायचा आहे."

नेत्राने विचारलं, "कधी जाणार आहात?"

फोनने ते आजींना सांगितलं. आजी हसल्या. "घाई नाही," त्या म्हणाल्या. "पण तयार हवा."

मला कळलं होतं त्यांना कुठे जायचंय ते. त्यांच्याकडे म्हातारी माणसं जाताना घालायचे कपडे आपल्या हाताने आधीच तयार करून ठेवतात. मुलांशी मात्र त्याबद्दल बोलत नाहीत, अशुभ मानतात. मी त्यांच्या आईबरोबर जाऊ शकलो नव्हतो. त्यांच्याबरोबर जायचं होतं. तेवढ्यासाठीच मी पेटीत इतकी वर्षं शांत होतो.

नेत्राला वाटलं, आजी चीनला निघाल्यात.

आजी गेल्यावर तिने मला टेबलावर पसरलं. खांद्यावर शिवण नाही हे बघून ती चकित झाली. बोटाने माझी कड न कड चाचपत तिने शू शिंप्याची सगळी युक्ती उलगडून बघितली. खूप वर्षांनी कुणीतरी मला वाचत होतं. त्या दिवशी ती मला फार आवडली. हे मी लपवणार नाही.

आठवड्याभरात ग्रेस आपली पँट आखूड करायला आली. नेत्रा सहज म्हणाली, "तुमच्या आईचा चीपाव माझ्याकडे आहे. काय सुंदर काम आहे हो ते."

"तो इथे आहे?" ग्रेसने विचारलं. तिने मला हातात घेतलं, आरशासमोर अंगाला लावून बघितलं. मग एकदम म्हणाली, "याचं जॅकेट करता येईल? जीन्सवर घालता येईल असं?"

ग्रेस बोलतच राहिली. तिच्या कंपनीत मे महिन्यात आशियाई कर्मचाऱ्यांचा मोठा कार्यक्रम होता, त्यात तिला भाषण करायचं होतं. "मी इथे आले तेव्हा कुणी माझं खरं नाव विचारू नये म्हणून धडपडायचे," ती म्हणाली. "माझ्या आजीचा हा कपडा मी कुणाला दाखवलासुद्धा नाही कधी. आता मला तो घालून सगळ्यांसमोर उभं राहायचंय. पण चीपाव घालून मी नाटकातली दिसेन. मला तो माझ्यासारखा हवाय. इथला आणि तिथला, दोन्ही."

"पण आजींना जाताना घालायचाय म्हणाल्या," नेत्रा म्हणाली.

"कुठे जाणार ती? तिच्या हृदयाचं माहिती आहे ना. डॉक्टरांनी विमानात बसायलाच मनाई केली आहे. कधीकधी बोलते तसं काहीतरी." ग्रेसचा आवाज मऊ झाला. "हे सरप्राइज राहू दे. मदर्स डेला मी तो घालून तिच्यासमोर जाईन. रडेल बघ ती."

ग्रेस मनाने वाईट नव्हती. नेत्राही नव्हती. मी दोघींना जवळून पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

संध्याकाळी परीक्षित घरी आला तेव्हा टेबलावर मी होतो आणि शेजारी डेनिमचे तुकडे. नेत्राचे डोळे चमकत होते.

"हे बघ, इथून बाहीचा मुंढा काढायचा," ती सांगत होती. "पाठ आणि कुशी डेनिमच्या, समोरचा भाग पूर्ण सिल्क, तिरकी उघड तशीच ठेवायची. खालच्या घेरातून लांब बाह्या निघतील. खांदा एकदम शार्प. परीक्षित, असं काम मी इथे आल्यापासून केलं नाहीये यार."

"भारीच दिसेल," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "आजींना विचारलंस?"

"त्यांची मुलगीच सांगतेय ना."

"तरी पण. त्यांनी रिपेअरला दिलाय ना?"

"सरप्राइज आहे म्हणतेय ती. मी जाऊन सांगितलं तर कस्टमर हातचा जाईल. आणि तसाही तो पेटीतच पडून राहणार."

परीक्षितने खांदे उडवले आणि चहा टाकायला गेला.

दुसऱ्या दिवशी नेत्राने माझ्यावर खडूने आखणी केली. खांद्यावर दोन अर्धगोल, कमरेवर एक सरळ रेघ. तिने कात्री उचलली आणि दारावरची बेल वाजली. फांग आजी आल्या होत्या. हातात झाकणाचा डबा होता, चक्रीफूल घालून उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांचा. त्यांनी फोन पुढे केला. "झालं का?"

नेत्रा वर पळत आली, माझ्यावर एक चादर टाकली आणि खाली गेली. जिन्यातून मला सगळं ऐकू येत होतं. मित्रांनो, मी तेव्हा पुरता अखंड होतो. खडू झटकला की जातो. तिने खाली दारात नुसतं विचारलं असतं, आजी, तुमची मुलगी असं म्हणते, करू का. तर पुढचं काहीच घडलं नसतं. फोन हातातच होता. प्रश्न छोटा होता.

"अजून थोडे दिवस," नेत्रा म्हणाली.

आजींनी मान हलवली, डबा दिला आणि पावसात परत गेल्या.

नेत्रा वर आली. खुर्चीवर बसून तिने दोन शेंगा सोलून खाल्ल्या. डब्याकडे बघत बसली. मग उठून हात स्वच्छ धुतले, पुसले, चादर काढली आणि पहिली कापणी खांद्यावर केली.

ती कात्री चांगली होती आणि हात अतिशय स्थिर होता. दुखतं का असं तुम्ही विचाराल. ते मला सांगता येत नाही. पण सूचौच्या त्या चौकात माझ्यासारख्यांना फाडणाऱ्यांच्या मनात द्वेष होता, आणि इथे त्या खोलीत फक्त कौतुक होतं. नेत्रा कापता कापता हळू आवाजात म्हणत होती, "काय सुंदर कापड आहे गं बाई." कौतुकाचा हात कुणी अडवत नाही.

त्यानंतर आजी आणखी दोनदा आल्या. दोन्ही वेळा नेत्राने तेच उत्तर दिलं. दुसऱ्या वेळी तिने ग्रेसला मेसेज केला की तुमच्या आई विचारायला येतात, मला बरं वाटत नाही. ग्रेसने उत्तर पाठवलं, वेळ लागतोय म्हणून सांग, गंमत घालवू नकोस.

मी तयार झालो तेव्हा खरोखर देखणा होतो. हेही खोटं सांगत नाही. जांभळं रेशीम आणि निळं डेनिम एकमेकांशेजारी अशी बसली होती जशी पहिल्यापासून शेजारी राहत असावीत. कॉलर तशीच उभी, गाठीची बटणं तशीच तिरकी, आणि खांदे धारदार. कार्यक्रमात ग्रेस मला घालून व्यासपीठावर गेली आणि आपलं खरं नाव सांगून भाषणाला सुरुवात केली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. नंतर किती तरी बायकांनी माझ्या बाहीला हात लावला, फोटो काढले, नेत्राचं नाव लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशीपासून नेत्राचा फोन वाजत राहिला. कुणाला आजीच्या किमोनोचं, कुणाला आईच्या साडीचं असंच काहीतरी करून हवं होतं. नेत्रा नागपूरला आईला फोन करून म्हणाली, "आई, लोक मला डिझायनर म्हणतायत."

रविवारी मदर्स डे होता. ग्रेसने नेत्रालाही जेवायला बोलावलं होतं. आजी टेबलाशी वाट्या मांडत होत्या. ग्रेस मला घालून जिन्यावरून खाली आली आणि चिनीत म्हणाली, "आई, ओळख बघू."

आजींनी हातातली वाटी खाली ठेवली. जवळ आल्या. आधी त्यांनी कॉलरला हात लावला. मग खांद्याला. खांद्यावरच्या शिवणीवर त्यांचं बोट थांबलं, कारण तिथे शिवण नसायची. मग त्यांनी हात माझ्या कुशीकडे नेला, जिथे उसवलं होतं तिथे. तिथे डेनिम होतं. त्या वाकून माझ्या खालच्या कडेकडे बघू लागल्या, जणू बाकीचा मी आत कुठे दुमडून ठेवलेला असेन.

"राहिलेला कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"आई, जॅकेट केलंय. नेत्राने केलं. आवडलं?"

आजींनी एकदा नेत्राकडे पाहिलं. रागाने नाही. कुणी रस्त्यात पत्ता चुकीचा सांगितला तर आपण मागे वळून बघतो ना, तसं. मग मुलीच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "छान दिसतेस." आणि भात वाढायला वळल्या.

ग्रेसला वाटलं आई भारावली आहे. नेत्राला चिनी कळत नव्हतं, पण तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी नेत्राच्या दारात उभ्या होत्या. फोन म्हणाला, "उरलेलं कापड परत द्या."

उरलेलं फारसं नव्हतं. घेर बाह्यांमध्ये आणि खिशांत गेला होता, बारीक कातरण कचऱ्याच्या गाडीतून गेलं होतं. नेत्राने सगळी खोली धुंडाळली. चिंध्यांच्या पिशवीत माझ्या घेराच्या कडेची एक लांब पट्टी मिळाली, राखी गोट असलेली, आणि एक सुटं गाठीचं बटण. आजींनी ते रुमालात बांधलं.

"आंटी, सॉरी," नेत्रा म्हणाली. "मला खरंच माहीत नव्हतं."

फोनने ते सांगितलं. आजींनी रुमालाची गाठ घट्ट केली, मान लववून आभार मानले आणि गेल्या. त्यानंतर त्या नेत्राच्या घरी कधी आल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या तर नेहमीसारख्याच हसायच्या. नेत्राला ते हसणं सोसत नसे, ती गाडी दुसऱ्या बाजूने काढू लागली.

मी ग्रेसच्या कपाटात होतो. आणखी एक-दोनदा तिने मला घातलं. मग उन्हाळा संपला.

नोव्हेंबरात, एका मंगळवारी सकाळी, आजी चहाचं पाणी ठेवून खुर्चीत बसल्या आणि तिथेच गेल्या. ग्रेस ऑफिसला निघायच्या बेतात होती.

तिसऱ्या दिवशी ग्रेस नेत्राकडे आली. हातात मी होतो आणि एक बुटांचं खोकं. तिने खोकं टेबलावर उघडलं. आत कोरे पांढरे मोजे होते, हाताने शिवलेले कापडी बूट होते, आतून घालायचा पांढरा सुती सदरा होता. सगळं इस्त्री करून, घडी करून, ज्या क्रमाने घालायचं त्या क्रमाने ठेवलेलं. सदऱ्यावर माझी ती पट्टी होती, आणि बटण.

"हे तिच्या पेटीत मिळालं," ग्रेस म्हणाली. "पट्टी बघितली तेव्हा मला कळलं, यावर काय घालायचं होतं ते."

नेत्रा खाली बसली. "त्यांनी मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "जाताना घालायचाय म्हणाल्या. मी समजले चीनला."

ग्रेसने सदऱ्यावरची पट्टी नीट केली. मग म्हणाली, "मी सरप्राइज म्हटलं ते खोटं होतं. म्हणजे, तेवढंच नव्हतं. विचारलं तर ती नाही म्हणेल याची मला भीती वाटत होती. म्हणून विचारलं नाही." आणि मग, "याचं पूर्वीसारखं करता येईल? शुक्रवारपर्यंत?"

नेत्राला ठाऊक होतं की येणार नाही. तरी ती बसली. तिने एक बाही उसवायला घेतली. टाका निघाला, पण टाक्याजवळचं रेशीम त्याच्याबरोबर फाटत आलं. तिने सुई खाली ठेवली. खांद्याचं अखंड कापड कुठून आणणार होती ती? घेर कुठून आणणार होती? दुपारभर ती माझ्यासमोर बसून राहिली आणि शेवटी उसवलेली बाही तशीच परत जोडली.

शुक्रवारी ग्रेसने ठरवलं की आईच्या अंगावर मलाच चढवायचं, जसा आहे तसा. फ्युनरल होममधल्या बाईंनी आजींना मोजे घातले, सदरा घातला आणि वरून मला चढवलं. मित्रांनो, मी शेवटी त्यांच्या अंगावर गेलो. आणि मला त्यांच्या अंगावर बसता आलं नाही. मला ग्रेसच्या मापाने शिवलं होतं. ते धारदार खांदे त्यांच्या इवल्याशा खांद्यांवरून दोन्हीकडे बाहेर आले. कॉलर हनुवटीला टेकली. त्या बाईंनी पाठीमागून टाचण्या लावून मला आवळलं. तरी त्या अशा दिसत होत्या, जणू कुणाचा तरी कोट चुकून घालून आल्यात.

ग्रेसने बघितलं. नेत्राही मागे उभी होती.

"काढा," ग्रेस म्हणाली.

टाचण्या एकेक करून काढल्या. आजी त्यांच्या रोजच्या राखाडी स्वेटरमध्ये गेल्या. ती पट्टी मात्र ग्रेसने त्यांच्या मुठीत दिली. माझा तेवढाच भाग गेला, बाकीचा मी कागदी पिशवीतून परत आलो.

ग्रेसने मला घरी नेलं नाही. "मला हा डोळ्यांसमोर नकोय," ती नेत्राला म्हणाली, आणि नेत्रालाही नकोच होता, पण तिने घेतला. तेव्हापासून मी तिच्या शिवणाच्या खोलीत, दारामागच्या खुंटीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. त्या दोघी आता एकमेकींशी बोलत नाहीत. भांडण झालेलं नाही. एकमेकींना बघितलं की दोघींनाही एकच गोष्ट आठवते, एवढंच.

नेत्रा अजून शिवते, पण कामं कमी झाली. मागच्या महिन्यात अनया नावाची एक मुलगी सासूबाईंची इरकल घेऊन आली होती, ब्लेझर करायला. नेत्राने साडी उघडायच्या आधी विचारलं, "त्यांना माहितीये?"

"अगं, त्या पुण्यात. त्यांना काय कळणार?"

"फोन कर ना त्यांना. आत्ता. मी थांबते."

अनयाने तिच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. साडी उचलली आणि नंतर करते म्हणून गेली, ती आलीच नाही. असं बऱ्याचदा होतं. नेत्रा कुणाला कारण सांगत नाही.

माझं म्हणाल तर मी फार दिवस टिकणार नाही. डेनिम जड आहे आणि रेशीम थकलेलं. जिथे दोन्ही जोडलेत तिथे टाक्यांच्या शेजारी रेशीम विरायला लागलंय. परवा नेत्राने मला पिशवीतून काढून भिंगातून पाहिलं. तिची शिवण अजून पक्की आहे. कापडच सुटतंय. शू शिंप्याने ठेवलेली माया तिने पहिल्याच दिवशी कापून टाकली होती, त्यामुळे आता आत दुमडून शिवायलाही जागा नाही. तिने मला परत पिशवीत ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

मित्रांनो, जुन्याचं नवं जरूर करा. दोन देशांचं एकत्र शिवा, तुमच्यासारखं करून घाला, मिरवा. पण कात्री हातात घेण्याआधी एवढं बघा, की ज्याची ती वस्तू आहे ते माणूस अजून आहे का. असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि सरळ विचारा, याचं तुला काय करायचंय? त्याची भाषा येत नसेल तर खुणेने विचारा. ते नाही म्हणालं तर तुमचा चार दिवस हिरमोड होईल. होऊ द्या. ते माणूस समोर आहे, तोवरच हे विचारता येतं.